स्टार घ्या, पण कोणाच्या जागी?

दिवाळी संपली की गणपतीपुळे, मालगुंड, नेवरे पट्ट्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्पर्धांच्या जाहिराती पडायला लागतात. ओव्हरआर्म, अंडरआर्म, कबड्डी, काय हवं ते. बक्षिसाची रक्कम मोठ्या अक्षरात आणि तिच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ: बाहेरचे खेळाडू अमुक इतकेच चालतील. कुठे दोन, कुठे तीन. बक्षिसाची रक्कम वाचायला सेकंद लागतो, पण या ओळीवर वाडीत रात्र रात्र चर्चा रंगते. कारण सरळ आहे. बाहेरून तीन आणायचे म्हणजे घरचे तीन बसवायचे, आणि बसवायची वेळ आली की नंबर लागतो सगळ्यात लहान पोराचा.

‘फायनल आहे, रिस्क नको’ हे वाक्य त्या पोराने इतक्यांदा ऐकलेलं असतं की तो स्वतःच बॅट दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळा होतो. एप्रिलमध्ये आंब्याचा सीझन, मे महिन्यात लॉजवर गर्दी, मग पाऊस. म्हणजे वर्षातले खेळायचे महिने मोजकेच, आणि तेही बाहेर बसून गेले तर पुढच्या वर्षी तो इथे असेलच असं नाही. विशीतला पोरगा जयगडला कंपनीत लागतो किंवा मुंबईची गाडी पकडतो.

हाच वाद वरच्या पातळीवर कोटींमध्ये चालतो. उद्या चमकेल असा पोरगा ठेवायचा, की त्याची जागा (किंवा त्याच्यावरचा पैसा) देऊन आज चमकतोय तो माणूस आणायचा?

अमेरिकन बेसबॉलमध्ये तर हा वाद दर उन्हाळ्यात होतो. तिथे खालच्या लीगमध्ये तयार होणारी पोरं थेट दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात अनुभवी खेळाडू घेता येतो. त्यातला १९८७ चा एक सौदा आजही चघळला जातो. डेट्रॉईटच्या टीमला प्लेऑफ दिसत होतं, पिचर कमी पडत होता. त्यांनी अटलांटाकडून ३६ वर्षांचा डॉयल अलेक्झांडर घेतला आणि त्याच्यासाठी जॉन स्मोल्ट्झ नावाचा २० वर्षांचा मुलगा दिला. स्मोल्ट्झ त्याच राज्यात वाढलेला, लहानपणापासून डेट्रॉईटचाच फॅन. अलेक्झांडरने काय केलं? उरलेल्या सीझनमध्ये ९ मॅच जिंकून दिल्या, एकही हरला नाही. डेट्रॉईटने आपला गट जिंकला. मग प्लेऑफमध्ये अलेक्झांडर दोनदा मैदानात उतरला, दोन्ही मॅच हरला, टीम बाहेर. स्मोल्ट्झने पुढे अटलांटासाठी २१० मॅच जिंकल्या, १९९५ चं विजेतेपद मिळवलं आणि २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

लोक हा किस्सा ‘पोरं विकू नका’ म्हणून सांगतात. मला तो तितका सोपा वाटत नाही. अलेक्झांडरशिवाय डेट्रॉईट प्लेऑफला पोचलंच नसतं. म्हणजे अनुभवी माणसाने काम चोख केलं. पण त्याने दिलेले ते दोन महिने वीस वर्षांच्या बदल्यात पडले.

आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट प्रो कबड्डीत सापडते, आणि तीही घरच्या टीमची, पुणेरी पलटणची. प्रो कबड्डीत पोरांच्या बदल्यात स्टार असा थेट सौदा चालत नाही, तिथे लिलाव आहे. पण तिजोरी ठरलेली असल्यामुळे हिशोब तोच येतो. एका माणसावर निम्मा पैसा टाकला की उरलेल्यांसाठी निम्माच राहतो. २०१४ च्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग राकेश कुमार होता, १२ लाख ८० हजारांना. आता आकडे कोटींत आहेत.

पुण्याने २०२२ च्या लिलावात इराणच्या दोघांवर डाव लावला. फजल अत्राचली १ कोटी ३८ लाख, मोहम्मद नबीबक्ष ८७ लाख. टीमच्या एकूण ४ कोटी ४० लाखांपैकी अर्ध्याहून जास्त रक्कम दोन सिद्ध खेळाडूंवर. फजल म्हणजे डाव्या कोपऱ्याचा ‘सुलतान’, यू मुंबा आणि पाटण्याबरोबर आधीच विजेतेपद जिंकलेला. त्याला कॅप्टन केलं. बाजूला होती ती पोरं: अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार, मोहित गोयत, नाशिकचा आकाश शिंदे, पंकज मोहिते. यातले अस्लम आणि मोहित लिलावातून आलेलेच नव्हते. नव्या तरुण खेळाडूंसाठी लीगची वेगळी योजना आहे, तिच्यातून पुण्याने त्यांना उचललं होतं.

टीम फायनलला गेली आणि जयपूरकडून ३३-२९ अशी हरली. त्या प्लेऑफमध्ये अस्लम आणि मोहित दोघंही दुखापतीमुळे बाहेर होते. चार गुणांनी हुकलेली फायनल आणि बाहेर बसलेले दोन चढाईपटू! तेव्हा टीम ‘इराणी जोडीची’ म्हणून ओळखली जात होती, पण कमी पडली ती घरची जोडी.

मग २०२३. फजल गुजरातकडे गेला, १ कोटी ६० लाखांना. पुण्याने पोरं तशीच ठेवली, अस्लमला कॅप्टन केलं आणि लिलावात एकाच माणसासाठी तिजोरी उघडली: मोहम्मदरेझा शादलुई, २ कोटी ३५ लाख. पाच कोटींतले जवळजवळ निम्मे. ‘पोरांवर विश्वास’ म्हणणाऱ्या टीमने हे करावं हे तेव्हा अनेकांना विचित्र वाटलं असेल. पण शादलुईचं वय बघा, २३ वर्षं. ‘सिद्ध’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पस्तिशीचा, गुडघ्याला पट्टी बांधलेला माणूस येतो. तसंच काही नसतं. (नोकरीच्या जाहिरातीत ‘अनुभव आवश्यक’ वाचून ज्यांनी फोन खाली ठेवलाय त्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. मी इंटर्न आहे, मी ठेवलंय.)

त्या सीझनला पुणे गुणतक्त्यात पहिलं आलं आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा चॅम्पियन झालं. शादलुई सीझनचा सर्वोत्तम बचावपटू, ९९ पकडीचे गुण. सीझनचा सर्वात मौल्यवान खेळाडू मात्र अस्लम.

त्याच लिलावात शादलुईपेक्षाही महाग गेलेला पवन सेहरावत तेलुगू टायटन्सकडे होता, २ कोटी ६० लाख ५० हजारांना. टायटन्स २२ सामन्यांत फक्त २ जिंकले आणि शेवटचे आले. पवन वाईट खेळला का? अजिबात नाही. पण चढाईला एक माणूस कितीदा जाणार, आणि तो बाद होऊन बाहेर बसला की त्याला परत आत आणायला गुण कोण मिळवणार? कबड्डीत बाद झालेल्याला स्वतःच्या हिमतीवर परत येता येत नाही. साथीदारांनी उठवावं लागतं. या एका नियमामुळे कबड्डीत एकटा स्टार क्रिकेटपेक्षा जास्त असहाय असतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडच्या सिद्धार्थ देसाईचंही असंच झालं होतं. २०१८ मध्ये यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं, पहिल्याच सीझनला त्याने चढाईत दोनशेच्या वर गुण काढले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. त्याने पुन्हा दोनशे पार केले, आणि टीम तरी गुणतक्त्याच्या तळाजवळच राहिली. म्हणजे त्याने आपले पैसे वसूल करून दिले, आणि टायटन्सना त्याचा काही उपयोग झाला नाही.

आता पुण्याचं पुढचं वर्ष. २०२४ च्या लिलावात शादलुई पुण्याकडे राहिला नाही, हरियाणाने २ कोटी ७ लाखांना घेतला. पुण्याकडे तीच पोरं होती, पण सीझनच्या मध्येच अस्लमचा गुडघा गेला आणि गतविजेते प्लेऑफमध्येही नव्हते. डिसेंबरमध्ये पुण्यातच, बालेवाडीच्या स्टेडियममध्ये फायनल झाली आणि ती जिंकली हरियाणाने, पाटण्याला ३२-२३ असं हरवून. सर्वात मौल्यवान खेळाडू शादलुई. पुणेकरांनी आपल्याच मैदानात हे बघितलं.

इथे कोणी म्हणेल, विषयच संपला. पुण्यात होता, पुणे जिंकलं. हरियाणात गेला, हरियाणा जिंकलं. घ्या स्टार, बसवा पोरं!

थांबा. २०२५ मध्ये शादलुई गुजरातकडे गेला, २ कोटी २३ लाखांना. तोच माणूस, तीच पकड, वय २५ म्हणजे ऐन भरात. बारा टीममधल्या पहिल्या आठ प्लेऑफला जाणार होत्या आणि गुजरात त्या आठात नव्हतं.

तीन टीम, तीन सीझन, एकच खेळाडू. प्रयोगशाळेतही इतका स्वच्छ प्रयोग मिळणार नाही. फरक शोधायचा तर तो शादलुईच्या येण्याआधी तिथे काय होतं, त्यात शोधावा लागेल. पुणे त्याच्या आदल्या वर्षी फायनल खेळलेलं होतं. हरियाणाही फायनल खेळलेलं होतं, आणि जयदीप, राहुल सेतपाल, विनय, आपल्या महाराष्ट्राचाच शिवम पठारे हा गठ्ठा त्यांनी मोडला नव्हता. दोन्हीकडे घर उभं होतं, शादलुईने दार बसवलं. गुजरातला मात्र दार आधी आलं आणि भिंतींचा पत्ता नव्हता.

म्हणून ‘पोरं की स्टार’ हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. स्टार कोणाच्या जागी येतोय, हे विचारायला हवं. रिकाम्या जागी येत असेल तर आणा, कर्ज काढून आणा. पण ज्या जागी एक पोरगा दोन वर्षं उभा राहून शिकतोय, त्या जागी आणलात तर तुम्ही दोघांचे पैसे भरताय.

आणि प्रत्येक जागा सारखी नसते. कबड्डीत नव्या चढाईपटूकडे एक गोष्ट असते जी कोणत्याही लिलावात मिळत नाही: त्याला कोणी पाहिलेलं नसतं. तो हात मारतो की पाय टाकतो, बोनसला कुठल्या बाजूने जातो, पकड लागल्यावर मध्यरेषेकडे कसा झेपावतो, समोरच्याला काहीच माहीत नाही. दुसऱ्या सीझनला सगळं व्हिडिओवर असतं आणि तिथेच अनेकांची हवा जाते. पण पहिलं वर्ष पोराचं. बचावाचं उलटं. कोपऱ्यातला माणूस कधी घुसणार, शेजारच्याने साखळी कधी सोडायची, मधल्याने डॅश कधी द्यायचा, हे एकमेकांच्या श्वासावर चालतं. उतावळ्या कोपऱ्याने घाईत हात घातला की फुकट गुण गेला. तिथे दहा वर्षं खेळलेला माणूस सोन्यासारखा. त्यामुळे मला विचाराल तर चढाईला घरची पोरं आणि कोपऱ्याला बाहेरचा जाणता माणूस. पुण्याने २०२३ ला नेमकं हेच केलं होतं.

पाटण्याचंही बघा. २०२४ च्या त्या फायनलमधल्या पाटण्याचा कॅप्टन होता आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा शुभम शिंदे, बचावातला. चढाईला देवांक आणि अयान ही दोन पोरं, ज्यांची नावं सीझनआधी फारशी कोणाला माहीत नव्हती. देवांकने ३०१ गुण काढले, लीगमध्ये सगळ्यात जास्त. पुढच्या लिलावात तो दोन कोटींच्या वर बंगालकडे गेला. पाटण्याने अयानला ठेवलं. २०२५ मध्ये चढाईत अव्वल आला तो अयान, पाटण्याने प्लेऑफ गाठलं, बंगालला ते जमलं नाही.

क्रिकेटवाले म्हणतील आमचं काय. तर विदर्भाकडे जा. रणजीत राज्याबाहेरचे मोजके खेळाडू ‘प्रोफेशनल’ म्हणून घेता येतात, म्हणजे आपल्या स्पर्धांमधली ती बारीक अक्षरातली ओळच. विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी जिंकली तेव्हा चाळिशीचा वसीम जाफर त्यांच्याकडे होता. दुसऱ्या वर्षी त्याने हजारावर धावा केल्या. पण पहिल्या फायनलमध्ये दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक घेतली ती त्यांच्या स्वतःच्या रजनीश गुरबानीने. २०२४-२५ ची फायनल तर जाऊन बघाच. नागपूर, समोर केरळ, सकाळी विदर्भ ३ बाद २४. मैदानात पहिलाच रणजी सीझन खेळणारा दानिश मालेवार आणि कर्नाटकातून आलेला करुण नायर. दोघांनी २१५ धावा जोडल्या. करुण ८६ वर रनआउट, दानिश १५३. त्याच सीझनला २२ वर्षांच्या हर्ष दुबेने ६९ विकेट घेऊन एका रणजी सीझनचा विक्रम मोडला. करुण नंतर कर्नाटकात परत गेला. दानिश आणि हर्ष विदर्भाचेच.

चेन्नईचा पंथ बदललाय तोही बघण्यासारखा आहे. २०१८ मध्ये तिशी ओलांडलेल्यांची टीम म्हणून जग हसत होतं आणि त्यांनी आयपीएल जिंकली. त्याच टीमने २०२५ मध्ये दहावा नंबर पटकावल्यावर (सीझनच्या मध्ये विरारच्या १७ वर्षांच्या आयुष म्हात्रेला घ्यावं लागलं होतं) डिसेंबरच्या लिलावात भारतासाठी एकही सामना न खेळलेल्या प्रशांत वीर आणि कार्तिक शर्मावर प्रत्येकी १४ कोटी २० लाख ओतले. हे मला दुसऱ्या टोकाचं वेड वाटतं. पोरावर विश्वास टाकणं म्हणजे त्याला खेळायला देणं. त्याच्या डोक्यावर चौदा कोटींचा आकडा ठेवला की तो पोरगा राहत नाही, पहिल्याच मॅचला त्याच्याकडून स्टारचा हिशोब मागितला जातो. ऋतुराज गायकवाडला याच चेन्नईने २० लाखांना घेतलं होतं, पहिलं वर्ष एकही मॅच न देता शिकवलं होतं, आणि २०२१ मध्ये त्याने ६३५ धावा काढून ऑरेंज कॅप घेतली.

अनुभवी लोकांच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य करायला हवी. २०२५ च्या फायनलला पुणे पुन्हा पोचलं, शादलुईशिवाय, घरच्या पोरांवर, कोच अजय ठाकूरबरोबर. दिल्लीने त्यांना ३१-२८ असं हरवलं. तीन गुणांनी. दिल्लीच्या बचावात उभा होता पुण्याने तीन वर्षांपूर्वी कॅप्टन केलेला आणि मग सोडलेला फजल अत्राचली. त्यामुळे अनुभव म्हणजे निव्वळ ओझं, असं म्हणणाऱ्यांनी ती फायनल एकदा बघावी.

आपल्या वाड्यांकडे कोटी नाहीत, पण नियम आपल्या हातात आहेत. बाहेरच्यांची मर्यादा आपण लिहितोच. मग प्रत्येक टीमने एकोणीस वर्षांखालचा एक तरी खेळवलाच पाहिजे, अशीही ओळ का लिहू नये? नुसता नावापुरता नाही, त्याला किमान एक ओव्हर किंवा ठरावीक चढाया मिळायला हव्यात. आणि मोठ्या लीगकडे मागायचं असेल तर हे मागू: फुटबॉलमध्ये एखाद्या खेळाडूसाठी दुसऱ्या क्लबने पैसे मोजले की त्याला १२ ते २३ या वयात ज्यांनी घडवलं त्या क्लबांना मिळून त्या रकमेचा ५ टक्क्यांपर्यंत हिस्सा जातो, फिफाचा नियमच आहे. मातीवर पाणी मारून मैदान तयार करणाऱ्या मंडळाला २ कोटींच्या बोलीतला एवढासा हिस्सा मिळाला, तर त्यात मॅट येईल.

शेवटची एक मॅच. ऑक्टोबर २०२२, तमिळ थलायवाजची सीझनमधली पहिली लढत. पवन सेहरावत त्या वर्षी त्यांच्याकडे होता, २ कोटी २६ लाखांना, म्हणजे अर्धी तिजोरी. सुरुवातीच्या काही मिनिटांतच त्याचा गुडघा दुखावला आणि सीझन संपला. आता चढाईला कोण जाणार म्हणून पुढे आला नरेंदर कंडोला, पहिलंच वर्ष, कोणाला नावही माहीत नाही. त्याने सीझनभरात चढाईचे २४३ गुण काढले, थलायवाज पहिल्यांदाच सेमीफायनलला गेले आणि पुण्याकडून ३९-३७ असे हरले. पवन फिट राहिला असता तर कदाचित ते जिंकलेही असते. आणि नरेंदरला किती चढाया मिळाल्या असत्या?